वाचकांचे प्रश्न : बेलेमनाइट कुठल्या समुद्राचा, हे ओळखायचे कसे?

बेलेमनाइट, म्हणजे माकुळाच्या गोतातल्या प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. त्यांच्याविषयी आलेल्या प्रश्नांतले काही निवडून त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. आपल्या नमुन्याचा फोटो पाठवणाऱ्यांना आधीच एक विनंती : दगडाची फक्त एक बाजू दिसणाऱ्या फोटोवरून बेलेमनाइट ओळखता येत नाही. चारही बाजू, तुटलेले टोक आणि शेजारी मोजपट्टी असे फोटो लागतात. असे का, ते खालच्या उत्तरांतून लक्षात येईल.

प्रश्न : कच्छच्या सहलीत बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला निमुळता, तपकिरी दगड मिळाला. बरोबरचा माणूस ‘डायनासोरचा दात’ म्हणाला. खरे काय? – ठाणे

दात नाही. दहा पटींचे भिंग घ्या आणि तुटलेल्या टोकाकडे सरळ पाहा. मध्यबिंदूपासून कडेपर्यंत किरणांसारखे पसरलेले कॅल्साइटचे (चुन्याच्या खनिजाचे) बारीक स्फटिक दिसतील आणि त्यांना छेदणारी, एकात एक बसलेली वाढीची वर्तुळेही दिसतील. दातात अशी रचना नसते. तिथे आत पोकळी आणि बाहेर इनॅमलचा वेगळा चकचकीत थर असतो.

तुमच्याकडे आहे तो रोस्ट्रम, म्हणजे बेलेमनाइटच्या शरीरातल्या कवचाचा सर्वांत मागचा, भरीव भाग. हा प्राणी माकूळ आणि ऑक्टोपस यांच्या गोतातला. त्याला दहा बाहू होते आणि बाहूंवर बारीक आकडे होते. शाईची पिशवीही होती. जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून झालेल्या पापुद्र्यांच्या खडकात) आकड्यांच्या रांगा जागच्या जागी टिकलेले नमुने मिळाले आहेत. रोस्ट्रमच्या रुंद टोकाला शंकूसारखा खळगा असतो. त्यात फ्रॅग्मोकोन, म्हणजे कप्प्याकप्प्यांचा शंकू, बसलेला असे. प्राणी पाण्यात तरंगायचा तो या कप्प्यांच्या जोरावर, आणि मागचा जड रोस्ट्रम त्याचे शरीर आडवे, तोललेले ठेवायचा. कोकणच्या किनाऱ्यावर सापडणारे समुद्रफेन हेही माकुळाचे आतले कवचच, पण त्याचे नाते फ्रॅग्मोकोनशी आहे, रोस्ट्रमशी नाही.

बाकीचा प्राणी गेला आणि रोस्ट्रमच उरला, याचे कारण खनिजात आहे. रोस्ट्रम कमी मॅग्नेशियमच्या कॅल्साइटचा असतो, तर फ्रॅग्मोकोन ॲरागोनाइटचा. ॲरागोनाइट जमिनीत लवकर विरघळते किंवा बदलते. ज्या थरात ॲमोनाइटचा (गुंडाळलेल्या कवचाच्या समुद्री प्राण्याचा) फक्त साचा उरतो, त्याच थरात बेलेमनाइटचा रोस्ट्रम धडधाकट मिळतो तो त्यामुळेच.

प्रश्न : युरोपातल्या पुस्तकांमधली बेलेमनाइटची चित्रे कच्छच्या नमुन्यांशी जुळत नाहीत. काळ एकच, समुद्र एकमेकांना जोडलेले, मग प्राणी वेगळे का? – पुणे

हा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी काळाचा क्रम पाहू. बेलेमनाइटचा उगम ज्युरासिकच्या अगदी आरंभी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, युरोपात झाला असे अनेक दशके मानले जात होते, कारण तिथल्या हेटँजियन, म्हणजे ज्युरासिकच्या पहिल्या टप्प्याच्या, थरांत त्यांचे लहानखुरे रोस्ट्रम मिळतात. २०१२ मध्ये जपान आणि चीनमधले नमुने प्रसिद्ध झाले आणि हे चित्र बदलले. चीनच्या सिचुआनमध्ये ज्युरासिकच्या आधीच्या ट्रायासिकमधले, कार्नियन काळातले बेलेमनाइट आहेत, म्हणजे उगम तीनेक कोटी वर्षे मागे गेला. ईशान्य जपानमध्ये हेटँजियन काळातले, चांगले मोठे रोस्ट्रम आहेत. तिबेटच्या दक्षिण भागातून, म्हणजे तेव्हाच्या गोंडवना या दक्षिणेकडच्या महाखंडाच्या काठावरून, हेटँजियननंतरच्या सिनेम्युरियन काळातल्या बेलेमनाइटांची नोंदही झाली आहे. तेव्हा ‘आधी फक्त युरोप’ हे विधान आता करू नये. मात्र त्याही पुढच्या प्लिन्सबाखियन काळापर्यंत सर्वांत भरपूर आणि नीट अभ्यासलेली नोंद युरोपचीच आहे.

पुढचे वळण टोआर्सियनचे, सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे. समुद्रतळाचा प्राणवायू मोठ्या प्रदेशावर घटला, पाणी तापले आणि पॅसालोट्युथिससारखे जुने प्रकार मागे पडले. ॲक्रोसीलाइट्स, डॅक्टिलोट्युथिस हे पुढे आले. याच काळात बेलेमनाइट उत्तरेला सैबेरियाच्या आर्क्टिक समुद्रापर्यंत आणि दक्षिणेला दक्षिण अमेरिकेच्या काठापर्यंत पोहोचले.

मध्य ज्युरासिकपासून वाटणी स्पष्ट होते. उत्तरेच्या बोरिअल समुद्रात सिलिंड्रोट्युथिस आणि पॅकिट्युथिस यांचे कुळ : इंग्लंडमधल्या पीटरबरोची ऑक्सफर्ड क्ले, रशियाचा सपाट प्रदेश, सैबेरिया, ग्रीनलंड, आणि पॅसिफिकच्या पूर्व काठाने खाली कॅलिफोर्नियापर्यंत. दक्षिणेच्या, उबदार टेथिस समुद्रात बेलेमनॉप्सिस आणि हिबोलिथीस. ज्युरासिकच्या शेवटाकडे भूमध्य परिसरात त्यांच्या जोडीला दोन्ही बाजूंनी चपटा डुव्हालिया येतो.

ही दोन्ही घराणी हातात घेऊन वेगळी करता येतात, आणि बेलेमनाइट शिकणाऱ्याने सर्वांत आधी हेच शिकावे. बोटाने चर शोधा. चर निमुळत्या टोकाकडून सुरू होऊन पुढे जात विरत असेल आणि खळग्याकडची बाजू गुळगुळीत असेल, तर नमुना बोरिअल घराण्याचा. पोटाकडच्या बाजूला चर खळग्याच्या टोकापासून सुरू होऊन मागे येत असेल, तर टेथिसचा. त्यातही चर लांब, जवळजवळ टोकापर्यंत गेलेला असेल तर बेलेमनॉप्सिस. पुढच्या भागातच संपला असेल आणि रोस्ट्रम मध्ये फुगून भाल्याच्या पात्यासारखा झाला असेल तर हिबोलिथीस. डुव्हालियात चर पाठीवर असतो. डायकोइलाइट्समध्ये पोट आणि पाठ दोन्हीकडे चर. फक्त टोकाजवळ, पाठीच्या दोन्ही अंगांना आखूड चर असतील तर पॅसालोट्युथिससारखे जुने, पूर्व ज्युरासिकचे प्रकार मनात आणा.

आता कच्छ. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता, कच्छ सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास, आफ्रिका आणि मादागास्कर-भारत यांच्यामध्ये शिरलेल्या समुद्राच्या फाट्यावर. त्यामुळे कच्छचे सोयरे इंग्लंडमध्ये शोधण्यापेक्षा मादागास्कर आणि टांझानियात शोधावेत. बेलेमनॉप्सिस टँगानेन्सिस या जातीचे नावच पूर्व आफ्रिकेवरून पडले आहे आणि ती कच्छमध्ये मिळते. हिमाचलातल्या स्पितीचे काळे शेल मात्र भारताच्या उत्तर काठावर, मोकळ्या टेथिसकडे तोंड असलेल्या समुद्रात साचले. तिथला ठरलेला बेलेमनाइट म्हणजे बेलेमनॉप्सिस जेरार्डी. त्याचे जवळचे नातलग नेपाळ, इंडोनेशिया आणि न्यूझीलंडकडे जातात. न्यूझीलंडचे ग्रॅम स्टीव्हन्स यांनी १९६५ मध्ये या सगळ्या हिंद-पॅसिफिक नमुन्यांचा एकत्र आढावा घेतला, आणि कच्छवर काम करणाऱ्याला तो आजही वाचावाच लागतो. कच्छचे पहिले मोठे वर्णन त्याआधीचे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वागेन यांचे, १८७३ सालचे.

समुद्र जोडलेले असूनही प्राणी का मिसळले नाहीत? तापमान हे एक कारण आहे, पण एकटे पुरत नाही. बहुतेक बेलेमनाइट उथळ खंडमंचावर (खंडाच्या काठच्या समुद्रतळावर), तळाच्या आसपास वावरणारे असावेत, असे त्यांचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि ते ज्या खडकांत मिळतात ते खडक दोन्ही सुचवतात. अशा प्राण्याला हजारो किलोमीटरचा खोल महासागर म्हणजे भिंतच. काठाकाठाने उथळ पाणी सलग असेल तर मात्र तो दूरवर जातो. नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्यामधली अरुंद वाट उघडी असताना उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्राणी मिसळले. तीच वाट उथळ किंवा बंद झाली की पुन्हा वेगळे झाले. सीमा त्यामुळे एका रेषेवर स्थिर नव्हती. इंग्लंड, उत्तर जर्मनी, पोलंड या पट्ट्यात थरागणिक कधी बोरिअल, कधी टेथिसचे बेलेमनाइट वरचढ दिसतात, आणि अभ्यासाला हाच पट्टा सर्वांत चांगला.

नकाशा वाचताना एवढे सांभाळा की रिकामी जागा म्हणजे प्राणी नव्हता असे नाही. तिथे त्या काळाचा समुद्री खडक उघडा नसेल, किंवा कुणी गोळा केले नसेल. जपान-चीनच्या नमुन्यांनी हेच दाखवून दिले.

प्रश्न : महाराष्ट्रात बेलेमनाइट कुठे मिळतील? – सोलापूर

कुठेही नाही. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टखाली आहे, आणि तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, जमिनीवर वाहिलेला. ज्युरासिकचे खडक आहेत ते गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाकडे, कोटा शैलसमूहाचे, पण ते नदी-तळ्यांत साचलेले. तिथे मासे आणि डायनासोर मिळतात. बेलेमनाइट खाऱ्या पाण्याचा प्राणी होता.

प्रश्न : मग नाशिकजवळच्या खडीच्या खाणीतून आलेला हा लांबट, टोकदार दगड काय आहे? सोबत फोटो. – नाशिक

फोटोत तुटलेले टोक दिसत नाही, म्हणून घरीच तीन चाचण्या करा. पहिली : सुईने किंवा पोलादी चाकूने ओरखडा काढा. ओरखडा उठत नसेल तर गारगोटीच्या जातीचे खनिज, बहुधा कॅल्सिडोनीचा लोंबता खांब; बेसाल्टच्या पोकळ्यांत असे खांब नेहमी होतात. दुसरी : ओरखडा उठत असेल तर निघालेल्या भुकटीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. ते नसेल तर साधे व्हिनेगर भुकटीवर टाकून भिंगातून पाहा. बुडबुडे आले नाहीत तर स्कोलेसाइटसारखे झिओलाइट असेल. त्यातही किरणांसारखे स्फटिक असतात, आणि फसगत तिथेच होते, पण वाढीची एकात एक वर्तुळे नसतात. तिसरी : बुडबुडे आले तर तुटलेला पृष्ठभाग पाहा. सपाट, तिरके, आरशासारखे चमकणारे पैलू म्हणजे बेसाल्टमधले साधे कॅल्साइट.

हाच शेवटचा निकष कच्छमध्येही उपयोगी पडतो. तिथे समुद्री साळिंदराचे, म्हणजे सिडारिस गटातल्या प्राण्यांचे, जाड काटे बेलेमनाइटांबरोबर मिळतात आणि लांबून तसेच दिसतात. काटा तुटला की एकच तिरका चकचकीत पैलू पडतो, कारण अख्खा काटा एकाच स्फटिकासारखा वागतो. बेलेमनाइट तुटला की किरण दिसतात.

प्रश्न : यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन जाणार आहोत. बेलेमनाइट भरपूर मिळतात असे ऐकले. गोळा करताना आणि ओळखताना काय करावे? – लीड्स, इंग्लंड

व्हिटबीच्या दोन्ही बाजूंना, रन्सविक बे आणि सॉल्टविक बे इथे टोआर्सियनचे शेल आहेत आणि बेलेमनाइट खरोखर भरपूर आहेत. भरतीचे वेळापत्रक आधी पाहा आणि ओहोटी लागताना उतरा, संपताना नव्हे. कड्याखाली बसू नका. शेल सतत ढासळतो. किनाऱ्याचा बराच भाग संरक्षित आहे, त्यामुळे कड्यावर हातोडी चालवायची नाही. सुटे पडलेलेच उचला, मुलांना ते पुरते.

दर नमुन्याला लगेच कागद लावा : ठिकाण, तारीख, सुटा मिळाला की थरात, थर कुठला. घरी आल्यावर मोजा. एकूण लांबी, मग खळगा जिथे संपतो तिथली पाठ-पोट जाडी आणि डावी-उजवी रुंदी, व्हर्निअर कॅलिपरने, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. जाडी रुंदीपेक्षा जास्त म्हणजे नमुना बाजूंनी चपटा, कमी म्हणजे वरून-खालून चपटा. पोट कुठले हे फ्रॅग्मोकोन टिकला असेल तर नक्की होते, कारण कप्प्यांमधून जाणारी नळी पोटाच्या बाजूला असते.

ओळख चुकते ती बहुतेक वेळा तुकड्यांमुळे. नुसते निमुळते टोक मिळाले तर बऱ्याचदा कुळापर्यंतही जाता येत नाही. लाटांनी घासलेल्या नमुन्यावरचे उथळ चर पुसले जातात आणि ‘चर नाही’ अशी नोंद होते. लहान वयाचे रोस्ट्रम मोठ्यांहून बारीक आणि वेगळ्या आकाराचे असतात. मोठा नमुना उभा कापला तर आत त्याच्याच बालवयाचा आकार दिसतो. शक्य असेल तर एक साधा नमुना कापून मुलांना ते अवश्य दाखवा.

एकाच थरात शेकडो रोस्ट्रम दिसले तर ‘सामूहिक मृत्यू’ असे घाईने लिहू नका. विणीनंतर प्राणी मरून पडले असतील, प्रवाहाने वेचून आणले असतील, गाळ फार हळू साचल्याने हजारो वर्षांचे रोस्ट्रम एका पातळीवर आले असतील, किंवा शिकाऱ्याने टाकले असतील. सगळे एका दिशेला वळलेले असतील तर प्रवाह. झिजलेले, छिद्रे पडलेले, वर शिंपले चिकटलेले असतील तर तळावर दीर्घकाळ उघडे पडलेले. शिकाऱ्याचा पुरावा पाहायचा असेल तर श्टुटगार्टच्या संग्रहालयात होल्झमाडेनचा हायबोडस शार्क आहे. त्याच्या पोटात सुमारे २५० रोस्ट्रम गच्च भरलेले आहेत.

प्रश्न : जुन्या यादीत बेलेमनाइटच्या जाती खूप, नव्या यादीत कमी. विविधता मोजायची कशी? – नागपूर

एकोणिसाव्या शतकात लांबी-जाडीच्या थोड्या फरकावरही नवी जात केली जायची, शिवाय तुकड्यांवरून. नंतर मोठ्या संख्येने नमुने मोजल्यावर त्यांतल्या अनेक एकाच जातीच्या ठरल्या. लिंगभेदही त्यात आहे. यॉर्कशायरच्या यंगिबेलस या बेलेमनाइटमध्ये काहींना मागे लांब नळीसारखी वाढ असते, काहींना नसते. हे एकाच प्राण्याचे दोन लिंगी प्रकार असावेत असे अभ्यासक पीटर डॉइल यांनी १९८५ मध्ये मांडले.

म्हणून मोजताना आधी तुकडे बाजूला काढा आणि खळग्याचा भाग शिल्लक असलेलेच नमुने मोजा. नाहीतर एकाचे दोन होतात. दोन ठिकाणांची तुलना करताना सारख्या संख्येच्या नमुन्यांवर करा, कारण जिथे जास्त गोळा केले तिथे जाती जास्त दिसणारच. आणि थराचा स्वभाव पाहा. कच्छचा धोसा ऊलाइट (बारीक गोल दाण्यांचा खडक) हा ज्युरासिकच्या उत्तरार्धातल्या ऑक्सफर्डियन काळात फार हळू साचलेला, आखडलेला थर आहे. त्यात वेगवेगळ्या वेळचे जीवाश्म शेजारी येतात, आणि कठीण रोस्ट्रम तर जुन्या थरातून उकरून पुन्हा गाडलेही जातात. तिथली मोठी विविधता ही एका वेळची वस्ती समजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पात बेलेमनाइटवरून समुद्राचे तापमान काढायचे आहे. कशाची काळजी घ्यावी? – मुंबई

पद्धतीला चांगला वारसा आहे. १९५१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा एक ज्युरासिक बेलेमनाइट थरथर कोरून ऑक्सिजनचे समस्थानिक मोजले. सरासरी १७.६ अंश सेल्सिअस, ऋतूंमधला फरक सुमारे ६ अंश, आणि प्राणी सुमारे चार वर्षांचा होऊन वसंतात मेला, इतके त्यातून वाचता आले. कार्बोनेट खनिजांतल्या समस्थानिकांच्या मोजमापाचे जुने प्रमाण, पीडीबी, हाही अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाच्या पीडी शैलसमूहातला, ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाचा बेलेमनाइटच होता.

काम असे करा. रोस्ट्रम आडवा कापा, पॉलिश करा, कॅथोडोल्युमिनेसन्सखाली (इलेक्ट्रॉनच्या झोताने खनिज चमकवून) पाहा. नारिंगी चमकणारा भाग म्हणजे मँगनीज शिरलेले, बदललेले कॅल्साइट, तो सोडा. मधली अक्षरेषा, बाहेरची कड, खळग्याजवळचा भाग आणि भेगा नेहमीच टाळा, कारण बाहेरचे पाणी तिथूनच आत जाते. उरलेल्या, मधासारख्या पारदर्शक भागातून अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने, कमी वेगात, भुकटी काढा; वेग वाढला की उष्णतेने नमुना बिघडू शकतो. यंत्राला शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम पुरतात. त्याच भुकटीचा भाग मँगनीज आणि लोहासाठी द्या. मँगनीज १०० पीपीएमच्या (दशलक्षात शंभर भागांच्या) वर गेले तर तो आकडा बहुतेक जण वापरत नाहीत.

चमक नाही म्हणजे सगळे शुद्ध, असेही नाही. रोस्ट्रममध्ये मुळात सूक्ष्म पोकळ्या होत्या आणि त्या मृत्यूनंतर तळाच्या पाण्यातून बसलेल्या कॅल्साइटने भरल्या, असा पुरावा अलीकडे मांडला गेला आहे. तुमचा आकडा त्यामुळे प्राण्याच्या आयुष्याचा आणि समुद्रतळाचा मिश्र असू शकतो. समुद्राच्या पाण्याचे ऑक्सिजन-समस्थानिकांचे मूल्य ध्रुवीय बर्फ नसल्याचे मानून उणे १ प्रतिसहस्र धरतात. ते एक एककाने चुकले तर तापमान चार-साडेचार अंशांनी चुकते. बेलेमनाइटवरचे तापमान त्याच थरातल्या शिंपल्यांपेक्षा थंड आले तर दचकू नका, बेलेमनाइट तळाजवळ वावरणारा असावा हे वर आलेच आहे. कच्छसारख्या ठिकाणी ऑयस्टर आणि ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दिसणारे समुद्री प्राणी) सोबत मिळतात, तेही मोजा. एकट्या बेलेमनाइटवर ‘समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान’ असे शीर्षक देऊ नका.

प्रश्न : परदेशातून आणलेल्या बेलेमनाइटच्या खळग्यातून पावसाळ्यात पांढरी-पिवळी पूड गळते आणि गंधकासारखा वास येतो. – रत्नागिरी

खळग्यातला फ्रॅग्मोकोन पायराइटचा (लोह आणि गंधकाच्या खनिजाचा) झाला आहे आणि दमट हवेत कुजतो आहे. त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि तेच आम्ल शेजारचा कॅल्साइटचा रोस्ट्रम खाते. तो नमुना आधी इतरांपासून वेगळा करा. पाण्याने धुऊ नका. कोरड्या मऊ ब्रशने पूड झाडा, पूड अंगावर किंवा डोळ्यांत जाऊ देऊ नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४५ टक्क्यांच्या खाली राहील असे पाहा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरा. कोकणात जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पाहावे लागेल. पूर्ण कोरडा झाल्यावर ॲसिटोनमध्ये ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (नमुन्यावर लावायची पारदर्शक ॲक्रिलिक राळ) विरघळवून पातळ हात द्या. ओलसर असताना दिलात तर आर्द्रता आतच कोंडते आणि कूज चालूच राहते. कागदाची चिठ्ठी नमुन्याला टेकवून ठेवू नका, आम्लाने ती जळते. डब्याबाहेर एक आणि वहीत एक, अशा दोन नोंदी ठेवा.